कारखान्याचं नाव बदललं म्हणून एकवीस वर्षं पुसली जातात का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमचे वडील अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात २००४ च्या दिवाळीनंतर कामाला लागले आणि तेव्हापासून तिथंच लूमवर आहेत. नियुक्तीपत्र कधी मिळालं नाही. पगार नगावर, आठवड्याच्या हप्त्याला, रोख. महिन्याची सरासरी काढली तर तेरा हजारांच्या आसपास. पीएफ ऑगस्ट २०१६ पासून कापला जातो. आता मालकांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, की ही फर्म बंद करतोय, मुलाच्या नावानं नवीन काढतोय. चाळीस-चाळीस हजार घ्या, कागदावर सही करा आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच लूमवर या. वडिलांच्या नावावर पंचवीस हजारांची उचल आहे, ती त्यातून वळती होणार. तुम्ही विचारलंय, ग्रॅच्युइटी (नोकरी सुटताना मालकानं द्यायची रक्कम) किती बसते आणि सही करावी का. आई घरी विड्या वळते, तिला काही लागू होतं का, हेही विचारलंय.

मी सोलापुरात कामगार न्यायालयात कामगारांच्या बाजूनं वकिली करते. गेल्या काही महिन्यांत याच धर्तीची विचारणा वारंवार येते आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट ही, की तुम्ही ग्रॅच्युइटीचा आकडा विचारताय, पण खरा प्रश्न आकड्याचा नाही, तारखेचा आहे. वडिलांची रुजू होण्याची तारीख नोव्हेंबर २००४ राहणार, की या सहीनंतर ती नव्या फर्मची तारीख होणार? कामगाराचा जवळजवळ प्रत्येक हक्क त्या एका तारखेपासून मोजला जातो. ग्रॅच्युइटी, नुकसानभरपाई, पेन्शनला लागणारी वर्षं, कामगार कमी करायची वेळ आली तर आधी कोणाला काढायचं तो क्रम, हे सगळं तिथूनच. ती तारीख हातची गेली की चाळीस हजार मिळाले काय आणि साठ मिळाले काय, फारसा फरक पडत नाही.

हे आत्ताच का चाललंय, याबद्दल माझा अंदाज सांगते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता देशभर लागू झाल्या आणि औद्योगिक विवाद कायदा १९४७, ग्रॅच्युइटी कायदा १९७२ यांसारखे जुने कायदे त्यांत विलीन झाले. कामाच्या ठिकाणची सुरक्षितता आणि आरोग्य यासंबंधीच्या संहितेत म्हटलंय, की प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र द्यायचं. जे आधीपासून कामावर आहेत आणि ज्यांना पत्र मिळालेलं नाही, त्यांनाही तीन महिन्यांच्या आत. नियम चांगलाच आहे. पण नियुक्तीपत्रात रुजू होण्याची तारीख लिहावी लागते. वीस-वीस वर्षांच्या कामगारांना खरी तारीख लिहून पत्र द्यायचं म्हणजे वीस वर्षांची देणी स्वतःच्या सहीनं मान्य करणं. मग सोपा रस्ता सुचतो: जुनी फर्म बंद दाखवायची, हिशेब झाल्याचे कागद करून घ्यायचे आणि नव्या फर्मच्या नावानं ताज्या तारखेची पत्रं वाटायची. कायद्याचंही पालन आणि पाटीही कोरी.

आता कायदा याकडे कसा पाहतो ते बघू. कारखाना एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेला किंवा बंद झाला, तर कामगाराच्या बाबतीत दोनच शक्यता उरतात. एक, त्याची नोकरी अखंड चालू राहते: पगार-सवलती आधीपेक्षा कमी होत नाहीत आणि पुढं कधी काढलंच, तर जुनी सगळी वर्षं धरून भरपाई द्यायची जबाबदारी नवा मालक उचलतो. असं असेल तर आज एक रुपयाही द्यावा लागत नाही, फक्त तारीख कायम राहते. दुसरी शक्यता, नोकरी खरोखर संपते. मग ग्रॅच्युइटी तर द्यावीच लागते, शिवाय कारखाना बंद केल्याची भरपाई वेगळी. जुन्या कायद्यातही हेच होतं, नव्या औद्योगिक संबंध संहितेतही हेच आहे. तुमच्या वडिलांसमोर ठेवलाय तो तिसराच प्रकार: नोकरी अखंडही नाही आणि संपल्याचे पूर्ण पैसेही नाहीत. कायद्यात या तिसऱ्या प्रकाराला जागाच नाही. तो फक्त कामगाराच्या सहीनं उभा राहतो, म्हणून त्या सहीला एवढं महत्त्व.

आकडे मांडते. ग्रॅच्युइटी म्हणजे दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार. नगावर काम करणाऱ्याच्या बाबतीत काम सुटण्याआधीच्या तीन महिन्यांत मिळालेला एकूण पगार घेऊन रोजचा सरासरी दर काढतात. ओव्हरटाइमचे पैसे त्यात धरत नाहीत. तुम्ही दिलेल्या आकड्यांनुसार तीन महिन्यांचे ३९,००० रुपये, कामाचे दिवस ७८, म्हणजे रोजचे ५०० रुपये. पंधरा दिवसांचे ७,५००. गुणिले २१ वर्षं, म्हणजे १,५७,५०० रुपये. शेवटच्या वर्षाचे सहा महिन्यांपेक्षा जास्त दिवस भरले असतील तर तेही पूर्ण वर्ष धरतात. आणि कारखाना बंद झाल्याची भरपाई: पूर्ण झालेल्या दर वर्षाला पंधरा दिवसांचा सरासरी पगार. महिन्याच्या अर्ध्या पगाराच्या हिशेबानं ६,५०० गुणिले २१, म्हणजे १,३६,५००. दोन्ही मिळून दोन लाख चौऱ्याण्णव हजार. त्यावर नोटिशीचा पगार, राहिलेले आठवड्याचे पगार, बोनस हे वेगळं. समोर ठेवलेत चाळीस हजार आणि उचल वजा जाता हातात पडणार पंधरा.

इथं एक खबरदारी सांगते. सरासरी शेवटच्या तीन महिन्यांची असल्यामुळं त्याच तीन महिन्यांत काम कमी झालेलं मी बऱ्याच प्रकरणांत पाहिलं आहे. चार लूमवरच्या माणसाला दोनच लूम मिळतात, सूत नाही म्हणून पाळ्या तोडतात. तसं काही झालं असेल तर कुठल्या आठवड्यात किती पाळ्या मिळाल्या आणि का मिळाल्या नाहीत, हे आजच एका वहीत लिहून ठेवा. आठवणीवर नंतर कोणी विश्वास ठेवत नाही.

‘माल पडून आहे, टॉवेलला उठाव नाही, नुकसानीत चाललंय, म्हणून बंद करतोय’ हे कारण मालक नक्की सांगतील. सोलापुरात ते बऱ्याचदा खरंही असतं. सुताचे भाव आणि वीजबिल यांत लहान कारखानदार कसा भरडला जातो हे मला माहीत आहे आणि त्याबद्दल मला सहानुभूती आहे. पण कायद्यानं हा मुद्दा मुद्दाम स्पष्ट केलेला आहे. मालकाच्या हाताबाहेरच्या अटळ कारणानं कारखाना बंद पडला, तर भरपाई जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या पगाराइतकीच द्यावी लागते. मात्र नुसती आर्थिक अडचण, तोटा किंवा न खपलेल्या मालाचा साठा ही ‘अटळ कारणं’ धरायची नाहीत, असं तिथंच लिहिलंय. आणि दुसऱ्या दिवशी त्याच शेडमध्ये तेच लूम चालू होणार असतील, तर मुळात ‘बंद झालं’ हेच सिद्ध करणं मालकाला अवघड जाईल.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते. सगळ्यात आधी कामगारांची संख्या. ग्रॅच्युइटीसाठी दहा किंवा जास्त माणसं असावी लागतात. एकदा लागू झाली की नंतर माणसं कमी झाली म्हणून ती सुटत नाही. तुमच्याकडे पीएफ चालू आहे आणि पीएफला साधारणपणे वीस माणसं लागतात, म्हणून इथं अडचण येऊ नये. पण हे वाचणाऱ्या इतरांसाठी सांगते, की सोलापूरच्या पूर्वभागात आणि एमआयडीसीतही एकाच छताखाली तीन-चार नावं असतात. आठ लूम बायकोच्या नावावर, आठ भावाच्या, आठ मुलाच्या. वीजमीटर वेगळे, नोंदणी वेगळी आणि प्रत्येक नावावर सात-आठ कामगार. कागद पाहिला तर कुठलाच कायदा लागू होत नाही. न्यायालय मात्र कागदापलीकडे पाहतं. पैसा कोणाचा, कारभार कोण पाहतो, जॉबर (लूमवर देखरेख करणारा) एकच आहे का, कामगार आज या शेडला आणि उद्या त्या शेडला पाठवतात का, सूत एकाच ठिकाणाहून येतं का. असोसिएटेड सिमेंटच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं या कसोट्या फार पूर्वी घालून दिल्या आणि आजही त्याच वापरल्या जातात. म्हणून ‘आमच्यात आठच माणसं आहेत’ एवढ्यावर हार मानू नका.

दुसरी अवलंबून असलेली गोष्ट म्हणजे सेवेतला खंड. एका वर्षात २४० दिवस काम भरलं की ते वर्ष अखंड धरलं जातं. तुमच्या वडिलांनी मध्ये कावीळ झाल्यामुळं दोन महिने घरी काढले, असं तुम्ही लिहिलंय. आजारपण, अपघात, मंजूर रजा, मालकानं दिलेला ले-ऑफ (काम नाही म्हणून घरी बसवणं), टाळेबंदी, किंवा कामगाराचा दोष नसताना थांबलेलं काम यानं सेवा तुटत नाही. कोविडच्या लॉकडाउनमध्ये लूम बंद होते, म्हणून ‘२०२० पासून नवीन धरतो’ असं सांगितलेले कामगारही माझ्याकडे आले आहेत. तसं धरता येत नाही.

आणि तिसरी, सगळ्यात जड गोष्ट: पुरावा. २०१६ च्या पुढचा प्रश्न नाही, पीएफचं पासबुक बोलतं. पण २००४ ते २०१६ ही बारा वर्षं कागदावर कुठं आहेत? अर्जात काय लिहायचं हा भाग सोपा आहे. आमच्या कामातले बहुतेक कष्ट या बारा वर्षांत जातात.

नियम असा, की आपण कामाला होतो हे आधी कामगारानं दाखवायचं. पण त्याच्याकडून पगारपत्रक आणि मस्टर (हजेरीपट) मागणं हा अन्याय आहे, कारण ते मालकाच्या कपाटात असतं. सर्वोच्च न्यायालयानं २००५ साली यल्लट्टी यांच्या प्रकरणात मधला मार्ग दाखवला. कामगारानं साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहून शपथेवर सांगावं, जवळ जे काही आहे ते द्यावं आणि मालकाकडचं मस्टर, वेतनपत्रक हजर करायची मागणी करावी. ते असूनही मालकानं आणलं नाही, तर न्यायालय त्याच्याविरुद्ध निष्कर्ष काढू शकतं. तो आपोआप निघत नाही, मागणी लेखी केलेली असावी लागते.

‘जवळ जे काही आहे’ म्हणजे काय? माझ्याकडे एका कामगाराच्या पत्नीनं एक कॅरीबॅग आणून ठेवली होती. तिच्यात हप्त्याच्या चिठ्ठ्या होत्या. सिगारेटच्या पाकिटाएवढे कागद, त्यावर लूमचा नंबर, टॉवेलचे नग, दर, उचल वजा आणि खाली एक आकडा. कारखान्याचं नाव कुठंच नाही. पण सगळ्या चिठ्ठ्यांवर अक्षर एकाच क्लार्कचं होतं आणि त्याच क्लार्कच्या अक्षरातलं, कारखान्याच्या लेटरहेडवरचं एक पत्र आम्हाला सापडलं. कामगारानं पतसंस्थेतून कर्ज काढलं तेव्हा दिलेला पगाराचा दाखला. तो २००९ चा होता. त्या एका दाखल्यामुळं चिठ्ठ्यांना किंमत आली.

म्हणून घर शोधा. पतसंस्थेच्या किंवा बँकेच्या कर्जाची फाईल, त्यात मालकाचा दाखला असतोच. विमा योजनेचं कार्ड असेल तर त्यावरची नोंदणीची तारीख. लूमवर हाताला लागलं तेव्हाचे दवाखान्याचे कागद, त्यात ‘कामावर असताना’ असं लिहिलेलं असतं. दिवाळीच्या बोनसची पाकिटं. खंडेनवमीला लूमची पूजा होते तेव्हाचे फोटो. मोबाइलमधला मूळ फोटो तारखेसह जपा, नुसता फॉरवर्ड केलेला नको. जॉबरनं व्हॉट्सअ‍ॅपवर ‘उद्या रात्रपाळी’ असं पाठवलेलं असेल तर ते. तुमच्या शाळेच्या किंवा कॉलेजच्या अर्जात वडिलांच्या नोकरीचं ठिकाण लिहिलेलं असेल, तर तेही कामाला येतं, कारण तेव्हा ते खोटं लिहायचं काही कारण नव्हतं. शिवाय त्या काळी बरोबर काम केलेली आणि आता कारखाना सोडून गेलेली दोन माणसं शोधा. जे अजून तिथंच कामाला आहेत त्यांना साक्षीला बोलावून अडचणीत आणू नका.

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर: नोकरी चालू राहणार असेल तर तारीख कायम, संपणार असेल तर ग्रॅच्युइटी आणि भरपाई दोन्ही, आणि दोन्हीसाठी २००४ पासूनची वर्षं दाखवता आली पाहिजेत.

आता सहीचं. वडिलांना कागद वाचून दाखवलाय का, हे तुमच्या प्रश्नात नाही. मी जे कागद पाहिलेत त्यांत बहुतेक वेळा दोन वाक्यं असतात: ‘मी माझ्या वैयक्तिक कारणास्तव राजीनामा देत आहे’ आणि ‘मला माझा संपूर्ण हिशेब मिळाला असून कोणतीही येणी बाकी नाहीत’. पहिलं वाक्य जास्त नुकसान करतं. पाच वर्षं झाली असतील तर राजीनामा दिला तरी ग्रॅच्युइटी मिळते. पण कारखाना बंद झाल्याची भरपाई, नोटीस आणि सेवेची अखंडता या तिन्हींवर राजीनाम्यानं पाणी पडतं. दुसऱ्या वाक्यानं ग्रॅच्युइटी बुडत नाही, कारण कायद्यानं ठरवलेल्या रकमेपेक्षा कमी घ्यायचा करार मुळात चालत नाही. तरीही ते वाक्य खोडून काढण्यात वर्षं जातात.

आपल्याकडच्या कामगारांत आणखी एक अडचण असते. पूर्वभागातले बरेच वयस्कर कामगार तेलुगू वाचतात किंवा फक्त सही करू शकतात आणि कागद इंग्रजीत किंवा सरकारी मराठीत असतो. वडिलांना सांगा, ‘मुलीला दाखवून उद्या देतो’ म्हणावं. एवढं म्हणण्यात भांडण नाही. कागदाचा फोटो काढू देत नसतील, तर त्यावरूनच काय ते समजा. सगळ्यांसमोर सही करावीच लागली आणि पैसे घेणं भाग पडलं, तर सहीच्या वर स्वतःच्या हातानं, येईल त्या भाषेत लिहावं: ‘रक्कम हक्क राखून घेतली, राजीनामा दिलेला नाही’, आणि तारीख टाकावी. तेलुगूत लिहिलं तरी चालतं, न्यायालयात भाषांतर करून घेता येतं. त्याच दिवशी घडलेला प्रकार लिहून मालकाला पत्र पाठवा, सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात त्याची प्रत द्या आणि पोच घ्या.

उचलीबद्दल. उचल हे कर्ज आहे, ते फेडायला हवं, यात वाद नाही. पण ‘उचल फिटल्याशिवाय हिशेब नाही’ ही म्हणण्याची पद्धत कायद्याला मान्य नाही. उचल पगारातून मर्यादेत कापता येते, ग्रॅच्युइटीतून परस्पर वळती करता येत नाही. ग्रॅच्युइटी रोखण्याची कारणं कायद्यात मोजकी आहेत: कामगारानं मुद्दाम किंवा निष्काळजीपणानं केलेलं नुकसान, हिंसाचार, नैतिक अधःपतनाचा गुन्हा. उचल त्यांत नाही. तिचा हिशेब वेगळा मागा, किती घेतली, किती कापली, लेखी. बऱ्याचदा ती फिटलेली निघते.

मग करायचं काय? वडील त्रेपन्न वर्षांचे आहेत, त्यांना काम हवंच आहे, आणि भांडण करून रोजी घालवायची नाही, हे तुम्ही स्पष्ट लिहिलंय. म्हणून माझा सल्ला भांडणापासून सुरू होत नाही. मालकांना सांगायचं: आम्हाला चाळीस हजार नकोत. नव्या फर्मच्या नियुक्तीपत्रात एवढी एकच ओळ लिहा, ‘मूळ रुजू दिनांक नोव्हेंबर २००४, पूर्वीची सेवा अखंड धरली जाईल.’ यात मालकाला आज खिशात हात घालावा लागत नाही. ज्याला खरंच फक्त फर्मचं नाव बदलायचंय, कर्जासाठी किंवा वाटणीसाठी, तो ही ओळ लिहून देतो. असे मालक मी पाहिलेत. जो ही ओळ लिहायला तयार होत नाही, त्याचा हेतू तुम्हाला तिथंच कळतो आणि पुढचं ठरवणं सोपं जातं.

हे वडिलांनी एकट्यानं मांडू नये. कारखान्यातले सात-आठ जुने लोक एकत्र या, एकाच मजकुराचं पत्र द्या. सोलापुरात लाल बावट्याच्या आणि इतरही युनियन आहेत, ज्यांवर तुमचा विश्वास असेल त्यांच्याकडे जा. एकट्याला कामावरून घालवणं सोपं असतं. आठ अनुभवी लूम कामगार एका दिवसात मिळत नाहीत आणि हे मालकालाही कळतं.

त्यानंही जमलं नाही, तर सहायक कामगार आयुक्तांकडे समेटासाठी अर्ज करायचा. तिथं तडजोड झाली तर ती लेखी करून घ्या, हप्ते ठरले तर तारखांसह. समेटाचा अर्ज करून ४५ दिवसांत काही झालं नाही तर कामगार स्वतः न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतो. कामावरून काढल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. ग्रॅच्युइटीची वाट वेगळी आणि जरा सरळ आहे. नोकरी संपली की मालकाला लेखी अर्ज, स्पीड पोस्टानं, पोच ठेवून. तीस दिवसांत पैसे दिले नाहीत तर पुढं व्याज लागतं. मग सक्षम प्राधिकाऱ्याकडे (जुन्या कायद्यात नियंत्रक प्राधिकारी) अर्ज. महाराष्ट्रात हे काम कामगार न्यायालयाकडे चालत आलेलं आहे. आदेश झाल्यावर मालकाला अपील करायचं असेल तर आधी रक्कम भरावी लागते आणि तरीही वसूल झाली नाही तर जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलासारखी वसुली होते. वकिलाच्या फीची काळजी असेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. औद्योगिक कामगाराला तिथं मोफत वकील मिळतो, त्याचं उत्पन्न किती हे पाहत नाहीत. ही तरतूद १९८७ च्या कायद्यापासून आहे आणि फार थोडे कामगार तिचा उपयोग करतात, याचं मला वाईट वाटतं.

तडजोड करावी का, असं प्रत्येक जण विचारतो. माझं मत: ग्रॅच्युइटीत तडजोड करू नका, ती साठवलेली कमाई आहे. बंद झाल्याच्या भरपाईत मात्र, खटल्याला लागणारी वर्षं आणि वडिलांचं वय पाहता, आज हातात रोख मिळत असेल तर थोडं कमी घेणं शहाणपणाचं ठरू शकतं. किती कमी, हे कारखान्याची खरी अवस्था पाहूनच सांगता येईल.

पीएफकडे मात्र नीट लक्ष द्या, कारण तुमच्या प्रश्नात नसलेला सगळ्यात मोठा धोका इथं आहे. पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते. वडिलांचा पीएफ ऑगस्ट २०१६ पासून आहे, म्हणजे दहा वर्षं अगदी तोंडाशी आली आहेत. शेवटच्या वर्षाचे सहा महिने भरले तर तेही पूर्ण वर्ष धरतात, तेव्हा आत्ताच जवळपास काठावर आहेत. अशा वेळी ‘जुनी फर्म बंद, पीएफ काढून घ्या, नव्या फर्ममध्ये नवीन नंबर देतो’ असं सांगून फॉर्म भरून घेतले, तर पेन्शनची सगळी वर्षं काढून दिली जातात आणि मोजणी शून्यापासून सुरू होते. त्रेपन्नाव्या वर्षी शून्यापासून दहा भरणं म्हणजे अठ्ठावन्नाव्या वर्षी मिळणारी पेन्शन गमावणं. म्हणून पैसे काढायचे नाहीत, तोच युएएन (पीएफचा कायमचा) नंबर नव्या फर्मला द्यायचा आणि जुनं खातं त्यात वर्ग करायचं. पेन्शनची किमान रक्कम महिना एक हजारच आहे, फार नाही. पण ती जन्मभर आहे आणि वडिलांच्या मागं आईलाही मिळते. वडिलांचा मोबाइल घ्या, पासबुक उघडा आणि महिन्यामहिन्याला भरणा झालाय का ते आज रात्रीच बघा. पगारातून कापलेत आणि भरले नाहीत असे महिने सापडले तर सोलापूरच्या पीएफ कार्यालयात लेखी तक्रार द्या. २००४ ते २०१६ चा पीएफ भरलाच नाही, त्याचीही तक्रार करता येते, पण नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत चौकशी सुरू करायला पाच वर्षांची मर्यादा लिहिली आहे, त्यामुळं त्या जुन्या रकमेवर फार भिस्त ठेवू नका.

राहिला आईचा प्रश्न. घरी बसून विड्या वळणारी बाई ही कारखान्याची कामगार नाही, ती आपली आपण धंदा करते, असं सोलापुरात अजूनही सांगितलं जातं. ते खोटं आहे. आता नव्या संहितेत विलीन झालेल्या १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्यातच घरी काम करणारी बाई कामगार धरलेली होती. सर्वोच्च न्यायालयानं १९७४ मध्ये तो कायदा उचलून धरला आणि १९८५ मध्ये तिला पीएफही लागू असल्याचं सांगितलं. पानं-तंबाखू मालकाची, विड्या पास-नापास करणार मालकाचा माणूस, मग ती धंदेवाईक कशी? विडी उद्योगात पीएफचा दर बाराऐवजी दहा टक्के आहे, एवढाच फरक. आईकडे कार्ड असेल तर त्यावर रोज किती विड्या दिल्या ते लिहून घेते का ते पाहा. मुकादम शेजारणीच्या कार्डावर तिच्या विड्या घालत असेल तर ते आजच थांबवा, कारण तेवढे दिवस तिच्या हिशेबातून गेले. आणि कार्डावरचं, पीएफमधलं आणि आधारवरचं नाव एकच आहे का ते तपासा. माहेरचं आडनाव एका ठिकाणी, सासरचं दुसरीकडे, तेलुगू आडनावाचं स्पेलिंग तीन तऱ्हेचं, असं असेल तर पैसे असूनही अडकतात. ती दुरुस्ती बऱ्याचदा कारखानदाराच्या सहीनं होते, तेव्हा तो कारखाना चालू आहे तोवर करून घ्या.